रिकामी पिशवी आणि अर्धी भाकरी

आमच्या कोल्हापुरात माणूस सायकलवर बसला की त्याला कुठंतरी पोचायचंच आहे, असं सगळे धरून चालतात. कचेरीत, दळणाला, रानात, पाहुण्याकडं. नुसतं रंकाळ्याला वळसा घालून गगनबावड्याच्या रस्त्यानं बालिंग्याच्या पुलापर्यंत जायचं, कठड्याला हात लावायचा आणि परत यायचं, हे मी चाळिशी ओलांडल्यावर सुरू केलं, तेव्हा लोकांना सांगण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण ते त्या काळी कुणी उघड बोलत नसे. मला मधुमेह झाला होता.

संस्थान विलीन होऊन थोडेच दिवस झाले होते. मी हायस्कुलात मास्तर होतो. अंगानं इतका भरलो होतो की शाळेचा कोट दोनदा उसवून सैल करून घ्यावा लागला होता. आमच्या गावात अशा माणसाला कुणी लठ्ठ म्हणत नाही. 'तब्येत हाय' म्हणतात, आणि तेही कौतुकानं. मलाही ते कौतुक आवडायचं. पण जिना चढताना धाप लागायला लागली, तहान भागेना, तेव्हा पेठेतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी खाली वीट कुटून टाकावी तसा लाल गाळ बसला.

"बघून घ्या," डॉक्टर म्हणाले. "साखर नसेल तर हे निळं राहतं. तुमचं काय झालंय ते दिसतंय. वजन उतरवा, मास्तर. भाकरी निम्मी करा आणि रोज घाम निघेपर्यंत अंग हलवा. शिमग्यापर्यंत हा रंग बदलला नाही, तर रोज सुई. आणि पायाला जपा. तुमच्या वडिलांचं मला ठाऊक आहे."

मलाही ठाऊक होतं. वडील याच दुखण्यानं गेले. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. त्यांचा आजार पहिल्यांदा ओळखला तो आईनं. परड्यातल्या मोरीच्या कोपऱ्यात ते सकाळी लघवीला बसायचे, तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. तिनं वैद्यांना सांगितलं, वैद्यांनी मान हलवली. मग वडील वाळत गेले. पैलवानासारखा माणूस, वर्षभरात अंगरखा खुंटीला टांगावा तसा दिसू लागला. पायाला झालेली जखम शेवटपर्यंत भरली नाही. आईच्या लेखी तेव्हापासून एकच गोष्ट पक्की झाली होती: माणूस वाळायला लागला की तो जाणार. माझं अंग वाढत होतं ते बघून ती निर्धास्त होती. तिनंच ते वाढवलं होतं.

मी ठरवलं की मी तसा जाणार नाही. तालमीत जायचं वय गेलं होतं, चालायला लागलो की गुडघे बोलायचे. शाळेत जायची सायकल दारात होती. तीच काढली.

पहिल्याच दिवशी रंकाळ्याच्या कडेला एकानं हटकलं, "काय मास्तर, एवढ्या सकाळी कुठं निघालासा?"

"जरा फिरायला."

"फिरायला? कुनाकडं?"

"कुणाकडं नाही."

तो सायकलच्या मागं चार पावलं चालत आला. "घरात काय बिनसलंय का काय?"

दुसऱ्या दिवसापासून मी हँडलला एक रिकामी पिशवी अडकवून निघायला लागलो. पिशवी दिसली की कुणी विचारत नसे. भाजीला चाललाय, एवढंच लोक समजत. आज ते आठवलं तरी राग येतो. माझा जीव वाचवायला मी निघालो होतो, आणि त्यासाठी मला भाजीचं सोंग घ्यावं लागत होतं.

धोतर साखळीत दोनदा अडकलं. एकदा शाळेतल्या पोरांच्या देखत पडलो. मग विजार शिवून घेतली आणि पायाला चिमटा लावायला लागलो. भाकरी अर्धी केली. भात सोडला. दिवाळीत पहिल्यांदा न थांबता पुलापर्यंत पोचलो, तेव्हा कठड्याला हात लावून मी एकटाच हसलो. शिमग्याच्या आधी नळी निळी होणार याची मला खात्री होती.

संक्रांतीनंतर डॉक्टरांकडं गेलो. नळी उकळली. तीच वीट. काट्यावर उभा राहिलो तर वजन उलट वाढलेलं.

"खाता काय?" डॉक्टर चिडले.

"अर्धी भाकरी. भात नाही. गोड नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"सायकल?"

"रोज. बालिंग्यापर्यंत."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर दूध. कट्ट्यावर."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "किती?"

मी हातानं पेल्याची उंची दाखवली. ज्यांनी कोल्हापूर पाहिलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडं गवळी म्हशी घेऊन चौकात येतात. गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि तो फेसाळ, कोमट पेला तिथंच उभ्यानं घशात ओतायचा असतो. तालमीतून मेहनत करून आलेली पोरं असा पेला रिचवल्याशिवाय घरी जात नाहीत. मेहनत केली की खुराक हवा, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही, ते रक्तातच असतं. मी घामानं निथळत परत यायचो, कट्ट्यावर सायकल लावायचो, एक पेला प्यायचो, आणि पुलापर्यंत जाऊन आलेलो असल्यानं दुसरा. भाकरीचा अर्धा तुकडा सोडल्याचा मला अभिमान होता. म्हशीचं सायीचं दूध मी खाण्यात धरतच नव्हतो. ते खाणं नव्हतं, तो व्यायामाचाच भाग होता.

डॉक्टर मला झापणार असं वाटलं. पण ते म्हणाले, "कुठल्या कट्ट्यावर?"

मी सांगितलं.

"त्या कोपऱ्यातल्या शिंगमोड्या म्हशीचं? चांगलं असतं. मीही तिथंच पितो." आणि लगेच आवाज चढवून, "पण मला साखर नाही, मास्तर! उद्यापासून बंद."

दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावरून सायकल न थांबवता निघालो. गवळ्यानं हाक मारली, "ओ मास्तर! पेला भरलाय की!"

"आजपासून नको."

"का? म्हस आवडंना झाली व्हय?"

तालमीतली पोरं हसली. त्यातला एक म्हणाला, "मास्तर पातळ व्हाय लागल्यात. सुनंला बघाय जायाचं आसंल."

"गप रं. सून न्हाय, दुसरी बायकू करायची आसंल."

आधीचा मी असतो तर खाली मान घालून निघून गेलो असतो. त्या दिवशी मी सायकल वळवली, कट्ट्यापुढं पाय टेकला आणि चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, "मला मधुमेह आहे. दूध प्यालो तर मरेन. मी कुठंही चाललेलो नसतो, नुसती सायकल चालवतो. आणि उद्याही चालवणार आहे. अजून काही विचारायचंय?"

म्हशीनं तेवढी शेपटी हलवली. मी हँडलची पिशवी काढली, घडी करून खिशात घातली, आणि त्यानंतर ती कधी लावली नाही.

वाटेवर त्या दिवसांत गुऱ्हाळं चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी उकळत्या रसाचा वास असा यायचा की पायडल मारणारे पाय आपोआप ढिले पडायचे. एका गुऱ्हाळावरचा म्हातारा रोज हात करायचा. "पावणं, या की! काकवी घ्या!" एकदा मी त्यालाही ओरडून सांगितलं, मला साखरेचा आजार आहे म्हणून. तो बांधावर येऊन कळवळून म्हणाला, "मग गूळ खावा की वो! गुळात कुठं साखर आस्ती?" त्याच्या मायेपुढं मी हात जोडले आणि पायडल मारलं.

गावाशी भांडणं सोपं होतं. घरात तसं नव्हतं.

दूध सुटलं तसं वजन खरंच उतरायला लागलं. गालफडं बसली. कोट पुन्हा आत घालावा लागला. आणि आई बिथरली. ती थेट काही बोलायची नाही. माझ्या आमटीत तूप जरा जास्त पडायचं. अर्ध्या भाकरीखाली दुसरी अर्धी लपवलेली असायची. मी ती काढून परातीत ठेवली की ती माझ्या तोंडाकडं बघायची नाही. मग एका रात्री माझं जेवण झाल्यावर ती जेवायला बसली, आणि अर्धी भाकरी घेऊन बाकीची टोपलीत टाकली.

"अर्धीच?" मी विचारलं.

"तू अर्धी खातोस की."

"मला डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"मला कुनी सांगाय न्हाय लागत."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. वय झालेली बाई, पहाटेपासून राबणारी, आणि जेवायला अर्धी भाकरी. तिची चोळी खांद्यावरून घसरायला लागली. बायकोला म्हटलं, तू समजाव. ती म्हणाली, "मला मधी घेऊ नका. त्या तुमच्यासाठी उपाशी राहत्यात, मी दोघांची भांडी घासते."

एके रात्री माझ्यानं राहवेना. मी अख्खी भाकरी मागितली. आईनं वाढली. माझ्यानंतर तिनंही अख्खी खाल्ली, आणि किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. मी अंथरुणावर पडलो आणि मला वडिलांचा पाय आठवला. या हसण्याची किंमत तो पाय होता. आणि मी गेलो तर ती पुन्हा हसणार नव्हती.

दुसऱ्या रात्री मी अर्धीच घेतली. ती म्हणाली, "मग मीबी."

मी म्हणालो, "तुझी मर्जी. तू उपाशी राहिलीस तरी मी अर्धीच खाणार."

असं मी आईला बोललो. आईशी असं बोलणारा मुलगा कसा असतो, हे मी वर्गात पोरांना कितीदा सांगितलं असेल. पण मी ते शब्द मागं घेतले नाहीत. आजही घेत नाही. रोज पहाटे ती चुलीपुढं बसलेली असताना मी सायकल बाहेर काढायचो, तिची वाकलेली पाठ दिसायची, आणि ती पाठ पुलापर्यंत माझ्यापुढं असायची. मी तरीही जायचो. काही दिवशी रडत गेलो. वारा तोंडावर असायचा म्हणून कुणाला कळलं नाही.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात नळी पुन्हा उकळली. निळी राहिली. कडेला जराशी हिरवट झाक होती, पण डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरानं थाप मारली की मला खोकला आला. सुई टळली होती.

घरी येऊन मी आईला म्हणालो, "आई, नळी निळी आली. साखर नाही. चल, तुला दाखवतो."

"मला काय नळी दावतोस?" ती तांदूळ निवडत होती. "नळीतलं मला कळत न्हाय."

त्या रात्रीही तिनं अर्धीच भाकरी घेतली. माझा सगळा आनंद टोपलीतल्या त्या उरलेल्या अर्ध्या भाकरीत जिरला. हिला आता काय दाखवू, हेच कळेना.

सकाळी सायकल काढायला परड्यात गेलो तर आई मोरीच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. एका हातानं भिंतीला धरून, मान खाली घालून फरशीच्या फटी बघत होती. मी मागं उभा आहे हे तिला कळलं नव्हतं. फरशीच्या कडेची माती झिजली होती, बसून बसून झिजावी तशी. ती तिथं रोज बसत होती. मीही सकाळी लघवीला तिथंच जायचो, आणि माझं दुखणं कळलं तेव्हापासून ती माझ्यामागं तिथं येऊन बसत असणार. मी वाळलो, तिनं बघितलं. आणि मुंग्या आहेत का, तेही तिनं बघितलं. वैद्याच्याही आधी नवऱ्याचं दुखणं ओळखणाऱ्या बाईला डॉक्टरची नळी कशाला हवी होती?

ती उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. मला बघितलं.

"कवाधरनं कमी झाल्यात," ती म्हणाली. "आज एकबी न्हाय."

त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली. माझ्या ताटात तिनं स्वतःच्या हातानं अर्धी मोडून वाढली. दुसरी अर्धी खाली लपवली नव्हती. मी उचलून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तर आई दारात उभी. हातात तीच जुनी पिशवी, माझ्या खिशातून काढून धुतलेली.

"जातोयसच तर येताना बालिंग्याची वांगी आन की. रिकामा कशाला हिंडतोस?"

"आई, भाजी संध्याकाळी आणतो. आता मी कुठंही चाललेलो नाही."

"काय म्हनावं ह्या पोराला," ती म्हणाली आणि पिशवी खुंटीला लावून आत गेली.

मी पायाला चिमटा लावला. रंकाळ्याच्या कडेला पुन्हा कुणीतरी विचारलं, कुठं निघालासा म्हणून. मी म्हणालो, "पुलाला हात लावायला."