दह्याचं गाडगं आणि सरूची आगबोट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मसणवाटेवरून एकटी आले-गेले आहे. पण तुमच्या अंकात लोकांचे अनुभव वाचले आणि वाटलं, आपलाही लिहावा... हसायचं तर हसा.

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालातली गोष्ट. आमचे मालक सदा कापसाच्या गाड्यांवर, म्हणून मी तेल्हाऱ्याहून अकोल्याला मायजवळ राहायला आले होते. मोर्णेच्या काठी आमचा भाजीचा मळा. धाकटी बहीण सरू, बिचारी लहानपणीच विधवा झालेली, कापूस घेणाऱ्या एका साहेबाकडे भाजी द्यायची. त्यांच्या लेकराला तिचा असा लळा लागला, की विलायतेला परतताना मडमेनं तिलाच सोबत नेलं. आगबोटीवर खोल्या, चूल, दुधाची गाय... पाण्यावरचं घरच म्हणा की.

निघताना मायनं घरच्या दह्यात फडकं बुडवलं, वाळवलं आणि तिच्या गाठोड्यात बांधलं. दुधात टाकलं की झालं विरजण. मला झोंबलं. आमचं विरजण मायनं शेजारणीलासुद्धा कधी दिलं नव्हतं.

सरू गेली आणि घरचं दही लागेना. एका दुपारी पाहते तर गाडग्यातल्या दुधावर बारीक वळ्या उठताहेत. हात लावला — आत धड... धड... धड... अगदी सावकाश. शेजारचा माठ मात्र गप्प. शेजारणीचं विरजण घातलं तर दही लागलं. आमचं घातलं की पुन्हा धडधड.

"सरूचं घर चालून राहिलं," माय म्हणाली.

"आन् मी इथं तुह्यापाशी बसली, ते दिसत नाही काय?"

"दिसूनच राहिली ना, पोरी. सरक जराशी, ऐकू दे."

पोळ्याच्या सकाळी गाडगं गप्प. दही असं, की पळी उभी राहावी. पाहुण्यांनी वाखाणलं, मी हौसेनं वाढलं. माय जेवली नाही. "काहून थांबलं व?" एवढंच म्हणे. मग मीही ताट बाजूला सारलं. सांजेला गाडगं पुन्हा थरथरलं, तेव्हा कुठं तिनं पुरणपोळी मागितली.

सरू परतली पुढल्या साली. मी काहीच न सांगता विचारलं, "बोटीवर दही लागे काय व?"

"कुठचं, ताई. कोळसा पुरावा म्हणून इंजिन हळू चालवत. जोरात चाललं तर नुसतं गुणगुणे, हळू चाललं की दात वाजत. एकदाच लागलं. मधल्या समुद्रात इंजिन बंद पडलं, सारे रडून राहिले, आन् माहं दही घट्ट. पोळ्याची अमावस्या होती. इंजिनानंही पोळा पाळला बाप्पा."

मायला नवल वाटलंच नाही.

तेल्हाऱ्याला निघताना मीही तसंच फडकं मागून घेतलं. दगडाधोंड्यांची वाट, बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली. पुढच्या भेटीत पहिलं हेच विचारलं, "माही गाडी चालली तवा गाडगं हाललं काय?"

"नाही व. काहून हालन? तू काय दूर गेली होती?"

माय जाऊन वर्षं लोटली. तेच विरजण मी अजून लावते, आणि लावलं की गाडग्यावर हात ठेवून बघते. सरूच्या बोटीचा उलगडा झाला नाही... आणि माझ्या बैलगाडीचाही नाही.