ताईच्या टेबलाची जागा

दुकानदार म्हणाला होता, "साहेब, हा एक लॅपटॉप अख्ख्या टेबलाची जागा घेईल." तो माणूस शब्दाला जागला. टेबलाची जागा गेली आणि तिच्याबरोबर माझ्या बहिणीचीही गेली. आता त्या दुकानदाराला दोष देण्यात काय अर्थ आहे? लॅपटॉप मी निवडला, मीच घरी आणला आणि वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती साच्यांचं डिझाइन करते. म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यात घडतात, तो साचा कसा कापायचा याची कॉम्प्युटरवरची चित्रं. तेलाच्या बाटलीचं झाकण, औषधाचं मापाचं टोपण, शाम्पूचा पंप, असल्या चिल्लर गोष्टी. "टोपण सहज उघडलं तर ते माझं," ती म्हणायची, "आणि दात लावावे लागले तर दुसऱ्या कुणाचं तरी." साच्याच्या भिंती कधी अगदी सरळ उभ्या ठेवायच्या नसतात, हेही तिनेच मला सांगितलं होतं. जेमतेम एका अंशाचा उतार द्यायचा. तो नसेल तर वस्तू आत चिकटते आणि ओढून काढताना ओरखडे पडतात. असेल तर ती आपली आपण सुटून बाहेर येते.

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, मी बारा. ती दुसऱ्याच महिन्यात कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यात चिकटली. मी शिकलो, नोकरीला लागलो, माझं लग्न झालं. तिचं राहून गेलं. 'राहून गेलं' म्हटलं की बरं असतं, कुणामुळे ते सांगावं लागत नाही.

पुढे कारखाना पाच तासांवरच्या दुसऱ्या शहरात हलला. साहेबांनी तिला चल म्हटलं, राहायची सोय करतो म्हटलं. ताई म्हणाली, "घर सोडून कुठे येऊ?" तिच्या हाताला तोड नव्हती, म्हणून त्यांनी मुकाट्याने कॉम्प्युटरच घरी पाठवून दिला. मागच्या खोलीत खिडकीपाशी लोखंडी पायांचं टेबल आलं. त्यावर दोन मोठे मॉनिटर, खाली गुरगुरणारा डबा, डाव्या हाताला तिचं व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे झाकणाची जाडी केसाइतक्या फरकाने मोजायचं तिचं हत्यार. टेबलाखाली सपाता. ड्रॉवरमध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि माझ्या लेकीसाठी लपवलेली चॉकलेटं. अकरा वर्षं ती तिथे बसली. ताई कुठे आहे, असं त्या अकरा वर्षांत घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

मग लेक चौदा वर्षांची झाली आणि तिला स्वतःची खोली हवी झाली. यात तिचं काय चुकलं? त्या वयात सगळ्यांनाच हवी असते. घरात खोल्या तीन. एक बाहेरची, एक आम्हा नवरा-बायकोची, आणि एक मागची, जिच्यात आत्या आणि भाची झोपायच्या आणि टेबल उभं असायचं. बायको म्हणाली, "अहो, त्या टेबलानेच अर्धी खोली खाल्लीय." मी लगेच कामाला लागलो. ऑफिसातल्या पोरांना विचारलं. ते म्हणाले, साधा लॅपटॉप असलं काम ओढणार नाही, गेम खेळायचा घ्या, तो दणकट असतो.

आणला. काळाकभिन्न, दोन हातांनी उचलावा लागणारा, पाठीवर कसल्याशा राक्षसाचं तोंड. बटणांखाली लाल, हिरवे, निळे दिवे पळायचे. चोपन्न वर्षांच्या बाईच्या हातात ते धूड देताना आम्ही खूप हसलो, तीही हसली. चित्रं मात्र तो झरझर फिरवायचा, ते खोटं कशाला बोलू.

"ताई," मी म्हणालो, "आता एका जागी अडकून पडायला नको. तू कुठेही बसू शकतेस."

"कुठेही म्हणजे कुठे?" ताईने विचारलं.

तो आम्हाला विनोद वाटला.

टेबल तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याने नेलं. मॉनिटर आणि खालचा डबा जुने म्हणून कारखान्याने परत मागितले नाहीत, ते बायकोच्या भावाकडे गेले. मागच्या खोलीत लेकीचा पलंग, कपाट आणि आरसा आला. ताईची गादी बाहेरच्या खोलीत आली, सोफ्यामागे. "तात्पुरती," मी म्हणालो. तो शब्दही मीच वापरला.

सुरुवातीला ती जेवणाच्या टेबलावर बसायची. पण जेवणाच्या टेबलावर माणसं जेवतात. सकाळी नाश्ता, की उचल. दुपारचं जेवण, की उचल. संध्याकाळी लेकीची शिकवणी तिथेच, कारण स्वतःच्या खोलीत तिचं लक्ष लागत नव्हतं! बायकोच्या मैत्रिणी आल्या की उचल. दिवसातून पाच-सहा वेळा ताईचं बिऱ्हाड हलायचं. पुढे लॅपटॉप, मागून विटेएवढा चार्जर, गळ्यात माउसची वायर, हातात कॅलिपर. आणि ते यंत्र काम करायला लागलं की त्याचे पंखे असे सुटायचे की टीव्हीवरचं बोलणं ऐकू येईना. "ताई, तुझं विमान जरा उतरव ना," मी म्हणायचो. ती उतरवायची. बातम्या संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायची. रोज बसायची आणि मी रोज बातम्या बघायचो.

दुकानदाराने एक गोष्ट सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मी ऐकली नव्हती. असला लॅपटॉप नावाला लॅपटॉप. चार्जर काढला की चाळीस मिनिटांत मान टाकतो आणि त्या चाळीस मिनिटांतही रडतखडत चालतो. म्हणजे कुठेही बसा, पण भिंतीतल्या प्लगला बांधून बसा. आमच्या घरात दिवसभर रिकामा राहील असा प्लग एकच, वॉशिंग मशीनच्या शेजारी, न्हाणीघराबाहेरच्या बोळात. ताई तिथे गेली. प्लास्टिकच्या स्टुलावर, पाठीला भिंत, मांडीवर राक्षस. आधी खाली एक ट्रे घ्यायची, म्हणजे हवा खेळते. पण ट्रे स्वयंपाकघरातला होता, तो लागायचा. मग घ्यायची नाही.

एकदा बायकोने इस्त्रीसाठी प्लग काढला. घाईत होती, सांगायला विसरली. तोवर बॅटरीची ती चाळीस मिनिटंही दोन-तीनवर आली होती. ताईचं एका झाकणाचं सहा तासांचं काम होतं, ते वाचवता वाचवता यंत्र बंद पडलं. मी घरी आलो तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून रेघा मारत होती.

"अगं, मग ओरडायचंस तरी!" मी म्हणालो.

"तिला शर्ट हवा होता तुझा," ती म्हणाली. "उद्या तुझी मीटिंग आहे ना, छोट्या?"

ताईला न मागण्याची सवय होती आणि आम्हाला न विचारण्याची. आमचं त्यावर उत्तम चाललं होतं. माझ्या डोळ्यांवर मी कातडं ओढून घेतलं होतं, हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मला खरंच वाटायचं की ताई मजेत आहे.

दीड वर्षाने तिला ताप आला. चांगला चढला. बायकोने तिला आमच्या खोलीत नेऊन तिचं अंग पुसलं, कपडे बदलले आणि बाहेर आली तेव्हा बायकोचा चेहरा उतरलेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, ताईंच्या दोन्ही मांड्यांवर डाग आहेत. जाळीसारखे, तपकिरी. भाजल्यासारखे. मी विचारलं, तर म्हणतात, दुखत नाही."

डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले, बोटाने दाबले. "रोज इथे गरम काय ठेवता?" त्यांनी विचारलं. ताईने सांगितलं. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "घरात टेबल नाही का हो?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी काय सांगणार होतो? टेबल होतं, मी भंगारात घातलं, असं?

त्याच संध्याकाळी मी तिरमिरीत जाऊन एक घडीचं टेबल विकत आणलं. डोक्यावर घेऊन दोन जिने चढलो, लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. ते उघडलं आणि आम्ही तिघं ते घेऊन घरभर फिरलो. बाहेरच्या खोलीत ठेवलं तर सोफा पुढे येऊन दार उघडेना. आमच्या खोलीत कपाट उघडेना. लेक म्हणाली, "माझ्या खोलीत ठेवा," आणि लगेच पलंगाकडे बघितलं. बोळात ठेवलं तर वॉशिंग मशीनचं झाकण वर होईना. मी टेप आणली, मापं घेतली, कागदावर आकडे मांडले. सोफा काढायचा, हे कुणाच्याही तोंडून आलं नाही. माझ्याही नाही. ताई गादीवर उशीला टेकून आमची ती कवायत बघत होती. केसभर इकडेतिकडे झालं तर जिला चालत नाही, त्या बाईसमोर मी टेप नाचवत होतो.

"राहू दे रे," शेवटी ती म्हणाली. "दमलास."

टेबल घडी करून दारामागे उभं केलं. ते अजून तिथेच आहे.

ताप उतरल्यावर आठवड्याने, सकाळच्या चहाला, ती म्हणाली, "मी साहेबांशी बोलले. कारखान्यात जातेय. त्यांनी खोली बघून ठेवलीय."

"कधी?" बायकोने विचारलं.

"आजच. साडेदहाची गाडी आहे."

मी कप खाली ठेवला. "आज? अगं, अशी कशी जाशील? सामानाची बांधाबांध, टेम्पो, माणसं..."

"कसलं सामान?"

मी उठलो आणि घरात बघायला लागलो. खरंच सांगतो, मी शोधत होतो. मागच्या खोलीत तिचं काही नव्हतं. कपाटात लेकीच्या कपड्यांखाली एक कप्पा होता, तोही रिकामा. बोळात स्टूल होतं, ते घराचं. सपाता तिच्या पायात. दीड वर्षात तिने आपल्या वस्तू एकेक करून कमी केल्या होत्या आणि आम्हाला नुसतं वाटत होतं की घर मोकळं झालंय. पाठीवरच्या एका पिशवीत लॅपटॉप, वीट, माउस आणि कॅलिपर मावलं. हातातल्या बॅगेत कपडे. दहा मिनिटं लागली असतील. कुठे ठेच नाही, ओरखडा नाही, आदळआपट नाही. छत्तीस वर्षं ज्या घराला तिने पोसलं, त्यातून ती सुटून बाहेर पडली.

ते लोखंडी टेबल असतं तर टेम्पो लागला असता. मॉनिटरसाठी खोकी शोधावी लागली असती, पाय उघडायला पाना लागला असता, जिन्यात टेबल अडकलं असतं, शेजारी बाहेर आले असते. चार दिवस गेले असते. त्या चार दिवसांत कधीतरी मला अक्कल आली असती, मी तिच्या हातातलं खोकं काढून घेतलं असतं. निदान मला तसं वाटतं. दहा मिनिटांत मला फक्त "पोचल्यावर फोन कर" एवढंच सुचलं.

लेक खोलीचं दार लावून रडत होती. ताईने दारावर टकटक केली आणि म्हणाली, "चॉकलेटं कपाटावर आहेत, मागच्या बाजूला." मग गेली.

ती पोचली, तिने फोन केला. पुढेही करत राहिली, दर रविवारी. तिला खिडकीपाशी टेबल मिळालंय, मॉनिटरही दोन आहेत. लॅपटॉप त्या मॉनिटरना जोडून एका कोपऱ्यात झाकण मिटून पडलेला असतो, नुसती मोटर म्हणून चालतो. चार्जर तिने टेबलाच्या पायाला पट्टीने घट्ट बांधून टाकलाय. "आता हलवत नाही मी त्याला," म्हणाली. डाग फिके होतायत का, हे विचारायचं माझ्या जिभेवर येतं आणि मी हवेपाण्याबद्दल विचारतो.

गेल्या रविवारी लेकीने हट्ट धरला की आत्याला बोलव. मलाही हवंच होतं. मी जोरात, आनंदात म्हणालो, "ताई, ये ना पंधरा दिवस! रजा कशाला हवी, लॅपटॉप घेऊन ये. इथेच बसून काम कर."

अगदी साध्या आवाजात, राग नाही, टोमणा नाही, तिने विचारलं, "कुठे?"

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. बाहेरच्या खोलीत गेलो, आमच्या खोलीत गेलो, लेकीच्या दारापाशी थांबलो, बोळात आलो. वॉशिंग मशीन चालू होतं.

"ताई," मी म्हणालो, "आवाज तुटतोय गं. नीट ऐकू येत नाहीये." आणि फोन ठेवला.