ओव्हाळकाकांचा सेट आणि हिंमतरावांचे स्पीकर

समाधान ओव्हाळ रोज सकाळी निफाडशी गप्पा मारत. फोन न लावता.

विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत. खडकीच्या कारखान्यात नोकरी आणि घरी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना. सेट पंचवीस वर्षांचा, जपानी, व्हॉल्व्हचा. कर्वेनगरच्या एका म्हाताऱ्या हौशी गृहस्थांकडून तो घेतला आणि मांडीवर धरून रिक्षातून आणला. कल्याणीकाकू म्हणत, "आमच्या पोरांना यांनी कधी इतकं जपून आणलं नाही."

मी नुकतीच मराठी घेऊन एम.ए. झाले होते. गच्चीवरच्या एका तारेतून माणसाचा आवाज दोन जिल्हे ओलांडतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आ वासून बघत बसे.

"एम.ए., तोंड मिटा," काका म्हणत. "डास जाईल."

निफाडला भीमराव होते. द्राक्षबागायतदार, तेही परवानाधारक. त्यांना जरा कमी ऐकू येई, पण ते मान्य नसे. "तुमचाच सेट थकलाय," ते म्हणत. काकांना हे लागलं. त्यांनी माइकच्या मागे आवाज वाढवणारं एक जादा सर्किट बसवलं. सेट तापायला लागला, म्हणून एका मेलेल्या संगणकातला पंखा बसवला. भीमराव तरीही "मोठ्यानं!" म्हणतच राहिले.

त्याच महिन्यात खालच्या मजल्यावर ऋषीने संगणक आणि मोठे स्पीकर आणले. तो कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. काका वर बोलू लागले की त्यांच्या लहरी शिरून खाली स्पीकरमधून बदक बोले. शब्द एकही कळत नसे, पण मध्येच खाकरण्याची ढब थेट काकांची.

ऋषीचे वडील हिंमतराव. आमची इमारत त्यांच्याच पेरूच्या बागेवर उभी राहिली होती आणि गच्ची त्यांच्या मालकीची. ते वर आले.

"ओव्हाळसाहेब, ह्ये बदक रविवारपातुर मेलं पायजे. न्हाय तर गच्चीवरची तार मी सोता काढतो."

"तार गेली की हा सेट म्हणजे लोखंडी डबा, हिंमतराव."

"मंग त्यात पीठ ठेवा."

काका हसले नाहीत. तार बांधायला त्यांच्याकडे दुसरी गच्ची नव्हती.

ऋषी समजावत म्हणाला, "काका, ईमेल करा ना. कशाला एवढा खटाटोप?"

"तुझा ईमेल तापल्यावर वास येतो का रे?"

शनिवारी त्यांनी सेट उघडला. प्लग काढला होता, तरी आत पेचकस टेकवताच फाट्कन ठिणगी उडाली. मी किंचाळले.

"वीज आत साठून राहते. प्लग काढला म्हणून लगेच राग जात नाही त्याचा," काका म्हणाले. मग सोल्डर वितळवून त्यांनी ते जादा सर्किट सोडवलं. "दोष भीमरावांच्या कानात, आणि औषध मी माझ्या घशाला लावलं."

पण स्पीकरची लांबलचक वायरही लहरी ओढून घेत होती. त्यावर उपाय होता जुन्या बाजारातून आणलेली एक काळी, दगडासारखी कडी. वायरचे वेढे तिच्यातून घ्यायचे, म्हणजे लहर तिथेच अडते. हिंमतराव नव्या स्पीकरला हात लावू देईनात. शेवटी त्यांच्या पत्नी तुळजाबाई मध्ये पडल्या.

"बांधा हो. पोराच्या गळ्यात ताईत बांधला, त्याच्या पिकरलाबी बांधा."

रविवारी काका वर बोलू लागले. खाली हिंमतराव स्पीकरला कान लावून बसले. बदक गप्प. बराच वेळ गप्प. हिंमतरावांची मुद्रा संशयी होत गेली.

"त्यो वर बोलतच न्हाय," ते म्हणाले. "फशिवतोय."

तरातरा जिना चढून ते काकांच्या घरात शिरले, त्यांच्या मागून मी. काका खरंच बोलत होते. सेटमधून भीमराव सांगत होते, छाटणी झाली, आता ढगाळ हवेनं पानांवर रोग नको पडायला.

हिंमतराव दारातच थांबले. मग खुर्ची ओढून बसले.

"इचारा, औषध कंचं मारलं?"

काकांनी विचारलं.

"मोठ्यानं!" भीमराव.

काकांनी ओरडून विचारलं. हिंमतरावांनी आणखी विचारायला लावलं. पाणी किती, खत कुठलं, मजूर मिळतात का. स्वतःची एक गुंठाही जमीन न उरलेला माणूस पुढे सरकत सरकत टेबलाला टेकला.

"द्या तो माइक हिकडं."

"देता येत नाही. परवाना लागतो."

"गच्ची माझी, आन् परवाना मलाच?"

"परीक्षा असते. टिंब-रेघांची ती मोर्सची कटकट शिकावी लागते."

हिंमतरावांनी आवाज खाली आणला. "लई अवघड असती का?"

"छे. एम.ए.पेक्षा सोपी." काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गच्चीवर धाडधाड आवाज झाला. बोलता बोलता काकांचा सेट मुका पडला. ते अनवाणी वर धावले, मागोमाग मी. पाण्याच्या टाकीपाशी दोन गडी उभे होते आणि सोडलेली तार हिंमतरावांच्या हातात होती.

काकांचा चेहरा उतरला. "हिंमतराव, बदक तर गेलं ना? मग का काढताय?"

"काढतोय कुठं? उचलतोय." हिंमतरावांनी टाकीला उभा बांधलेला उंच पाइप दाखवला. "लई खाली बांधली हुती तुमी. एवढ्यावर निफाडच्या फुडं माझं कोण ऐकणार?"