सहादेव मामांची निवडक माणसं

गावात कुठलीही समिती आली की माणसं निवडायचं काम सहादेव मामांचं. स्वच्छतेची असो नाहीतर पाण्याची, पाहुण्यांपुढे कुणाला बसवायचं आणि कुणाला सकाळीच रानात पिटाळायचं, हे त्यांना बरोबर कळे. गावाला बक्षिसं मिळाली ती आपल्यामुळेच, असं ते स्वतः सांगत, आणि ते खरंही होतं.

त्यामुळे नगरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी भाची जया प्रबंधासाठी रागाची चाचणी घ्यायला गावात आली, तेव्हा मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कुणी रांगेत मध्येच घुसलं तर किती राग येतो, असले साधे प्रश्न होते. तिला हवी होती नाना स्वभावांची माणसं. मामांनी ऐकलं एवढंच, की माणसं हवीत. रोज डेअरीवर हुज्जत घालणाऱ्या श्रीमंतला त्यांनी सुप्याला कामाला धाडलं. तोंडाळ बायडाबाईला लेकीकडे जायची आठवण करून दिली. देवळात बसवले ते सगळे थंड डोक्याचे, आणि वर बजावलं की गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

सगळ्यांनी एकजात लिहिलं, राग येत नाही. काही दिवसांनी त्याच माणसांची तीच चाचणी पुन्हा झाली; दोन्ही वेळी कोण जास्त रागीट, कोण कमी, हा क्रम जुळायला हवा होता. कुणाची एखादी खूण इकडची तिकडे झाली आणि तेवढ्यानं पहिला शेवटी गेला, शेवटचा पहिला आला. चाचणीची विश्वासार्हता पार तळाला गेली. नवी माणसं घे, नाहीतर वर्ष वाया गेलं समज, असं सरांनी जयाला सांगितलं.

मामांना काही उमगेना. सगळं गाव एका सुरात बोललं, याहून विश्वासाचं काय असतं?

जया रडवेली झाली होती. "मामा, सगळ्यांनी एकाच म्हशीचं दूध डेअरीत आणलं, तर फॅटचं मशीन नीट चालतंय का, कसं कळायचं? गाईचं पाहिजे, म्हशीचं पाहिजे, पाणी घातलेलंसुद्धा पाहिजे."

पोरीचं वर्ष आपल्या हातानं बुडतंय, हे मामांच्या जिव्हारी लागलं. संध्याकाळी तिला घेऊन ते पारावर गेले आणि उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. गावातल्या रागीट माणसांची नावं विचारली.

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी देवळात पहिल्या ओळीत बसलेला, कधी वर मान न करणारा गोरक्षनाथ हळूच म्हणाला, "मामा, पयलं नाव तुमचंच हाय. तुमच्या भ्यानंच तर आमी सगळ्यांनी तसं लिव्हलं."

मामांचा पारा चढला. गोरक्षनाथाच्या सात पिढ्या काढून झाल्या, तेव्हा कुठं जयाच्या हातातल्या कोऱ्या प्रश्नावलीकडे त्यांचं लक्ष गेलं. ती हिसकावून घेत त्यांनी 'फार राग येतो' यावर अशी खूण केली की कागद टरकन फाटला.

जया दुसरा कागद काढू लागली.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "ह्योच दाखव तुज्या सरांना."