डाव्या बाजूचं भगदाड

भोंगासरांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि चर्चच्या पाळकांना ठाऊक होतं. बाकी सगळा गाव त्यांना भोंगासरच म्हणायचा. ते मुलींच्या संघाला फुटबॉल शिकवायचे, आणि मैदानावरून त्यांनी हाक मारली की पलीकडच्या बस डेपोतले ड्रायव्हर मान वर करून बघायचे. तरुणपणी त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. पुढे प्रभूच्या वाटेला लागले तेव्हा शिव्या सुटल्या, पण आवाज कुठे जाणार? शिव्यांच्या जागी भाज्या आल्या. "अगं भोपळे, पास दे," असं ते ओरडायचे. गोलकीपरला त्यांनी एकदा सबंध हंगाम 'फ्लॉवर' म्हटलं होतं, आणि तिला ते कौतुक वाटत होतं.

असा हा मोकळा माणूस. मनात एकच गाठ होती, टोपीवाल्याची.

टोपीवाला म्हणजे गॅस कारखान्यामागच्या मैदानावरच्या संघाचा कोच. काही वर्षांपूर्वी त्याने तक्रार केली होती की भोंगासरांची स्ट्रायकर स्पर्धेच्या वयोमर्यादेपेक्षा मोठी आहे. तक्रार खोटी निघाली, पण ते कळेपर्यंत संघ स्पर्धेतून बाद झाला होता. पोरगी रडली, खेळ सोडून गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सर प्रार्थनेत आजाऱ्यांची, प्रवाशांची, शेजाऱ्याच्या कुत्र्याचीसुद्धा आठवण काढत. टोपीवाल्याच्या नावाजवळ आले की आमेन.

लीगचा शेवटचा सामना याच दोन संघांत होता. जो जिंकेल त्याचा करंडक, आणि बरोबरी झाली तर गुणांवर टोपीवाल्याचा. सामना तोंडावर आलेला असताना सरांची बायको हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "तुमचा टोपीवाला आलाय आमच्या वॉर्डात. जिन्यावरून घसरला. पाय मोडलाय."

"अरेरे," सर म्हणाले.

"तोंड दुसरीकडे करून म्हणा. हसू दिसतंय."

सर स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला बसले. कुणी चिरायला सांगितलेला नव्हता.

रविवारी पाळक नेमके वैऱ्यावर प्रेम करण्यावर बोलले. बायकोने मान वळवली नाही, फक्त कोपर सरकवलं. ते बरोबर सरांच्या बरगडीत लागलं.

संध्याकाळी सर संत्री घेऊन वॉर्डात गेले. पिशवी ठेवायची आणि निघायचं, असा बेत होता. टोपीवाला पाय टांगून पडला होता. डोक्यावर टोपी नव्हती, आणि टक्कल पाहून सरांना तो अनोळखीच वाटला.

"बसा," तो म्हणाला. मग पिशवीतलं एक संत्रं हातात फिरवत, "पोरींना शिकवायला कुणी नाही. आपल्याआपण धावतायत, आपसात भांडतायत."

"मी बघतो," सर म्हणून गेले. शब्द सुटल्यावर त्यांनाच धक्का बसला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी कारखान्यामागे आणि संध्याकाळी आपल्या मैदानावर, अशी सरांची दुहेरी पाळी सुरू झाली. तिकडच्या पोरी आधी लांबूनच बघत होत्या. हा माणूस हेर म्हणून आलाय, अशी त्यांची खात्री होती. पण दोघीतिघींना दुधी आणि एकीला ढेमसं म्हटल्यावर त्या सैलावल्या.

आणि पहिल्याच सकाळी सरांना ते दिसलं. या पोरींच्या बचावात डाव्या बाजूला भगदाड होतं. लेफ्ट बॅक, म्हणजे ती बाजू सांभाळणारी पोरगी, चेंडूच्या मागे मैदानाच्या मधोमध धावायची आणि मागे बैलगाडी वळेल एवढी जागा उघडी पडायची. सरांची कॅप्टन नेमकी त्याच बाजूने पळायची, वाऱ्यासारखी. सर त्या दिवशी पोरींकडून कॉर्नर मारून घेत राहिले आणि डाव्या बाजूबद्दल अवाक्षर काढलं नाही.

घरी जेवताना सर भातात बोटाने वाटा काढत बसले. शेवटी त्यांनी बायकोला सांगितलं.

"मग झाकून ठेवा," ती शांतपणे म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मग मला कशाला विचारताय?" असं म्हणून तिने ताटात आणखी भात वाढला.

सकाळी सरांनी लेफ्ट बॅकला बाजूला घेतलं. "चेंडू दिसला की धावत सुटायचं नाही. आधी मागे बघ. मागे कोण आहे?" पोरीने मागे पाहिलं. कुणीच नव्हतं. "तिथून आमची कॅप्टन येणार आहे," सर म्हणाले आणि घाम फुटेपर्यंत तिला जागा धरायला शिकवत राहिले.

बातमी पसरलीच. सरांच्या कॅप्टनने त्यांना मैदानाच्या फाटकातच गाठलं. "सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"सकाळी त्यांच्या. सामन्यात तुमच्या."

"आम्ही हरलो तर?"

"तर मला फार वाईट वाटेल," सर म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून तिला पुढे भांडता आलं नाही. पण ती फुगून बसली.

सामन्याला टोपीवाला आला, चाकांच्या खुर्चीत, टोपी घालून. कॅप्टन त्या बाजूने पळाली की समोर ती लेफ्ट बॅक, खांबासारखी उभी. पुन्हा पळाली, पुन्हा तीच. सरांची भाज्यांची सगळी मंडई ओरडून संपली, पण गोल काही होईना. सामना बरोबरीत सुटला आणि करंडक टोपीवाल्याकडे गेला. सरांना राग आला, अगदी मनापासून. त्यांनी पाण्याच्या बाटलीला लाथ मारली आणि मग आपणच जाऊन ती उचलून आणली.

टोपीवाल्याने खुर्ची त्यांच्याजवळ ढकलत आणली. "डावी बाजू तुम्ही बुजवलीत?"

"हो."

"तिथलं भगदाड मला कधी दिसलंच नव्हतं." त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या वेळची तक्रार मी ऐकीव गोष्टीवर केली होती. चौकशीही केली नाही."

"तुमच्यामुळे ती पोरगी खेळ सोडून गेली."

"माहीत आहे. कुठे असते ती?"

सरांनी पत्ता सांगितला. कुबड्या मिळाल्यावर टोपीवाला तिथे गेला. ती दोघं काय बोलली हे सरांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

सोमवारी प्रॅक्टिसला कॅप्टन येईल की नाही याची सरांना धाकधूक होती. ती सगळ्यांच्या आधी आली होती. बुटाच्या टोकाने मातीत रेघा ओढत म्हणाली, "सर, तुम्ही तिला एवढी पक्की करून ठेवलीत. आता ती बाजू फोडायची कशी?"

सर गुडघ्यावर बसले आणि त्या रेघांकडे बघत राहिले. "खरं सांगू? मला अजून कळलेलं नाही."

"मला थोडंसं कळलंय," ती म्हणाली. "सरका जरा."