‘बघू’ सोडलेला मिस्त्री

कल्पना करा, तुम्ही लिफ्टच्या आत नाही, लिफ्टच्या डोक्यावर उभे आहात. वर आठ मजल्यांचा काळोख, दातांत धरलेली टॉर्च, एका हातात चिंधी. दुसऱ्या हाताने बटण दाबत लिफ्ट वीत-वीत खाली आणायची आणि येता येता बाजूचे रूळ पुसायचे. घाम डोळ्यांत उतरला तरी टिपायला हात मोकळा नाही. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडतं, “अहो मिस्त्री, अजून किती वेळ?”

या प्रश्नाला मिस्त्रीचं एकतीस वर्षं एकच उत्तर होतं. “बघू.”

बघू म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. विचारणारा गप्प बसतो आणि आपण सुटतो. घरीही तेच. नळ गळतोय? बघू. मुलीकडे जायचंय? बघू. बायको म्हणायची, “यांना स्वर्गाच्या दारात ‘आत येताय का?’ विचारलं, तर तिथेही बघूच म्हणतील.”

राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळी तो चर्चमधून कपाळावर राख घेऊन थेट कामावर गेला. दिवसभर लोक सांगत राहिले, “मिस्त्री, कपाळाला ग्रीस लागलंय.” तो म्हणत राहिला, “असू द्या.” संध्याकाळी घरी आला, तेव्हा राख कुठली आणि ग्रीस कुठलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. गुडघे ठणकत होते. बायकोने चहा पुढे केला.

“बिनसाखरेचा दे. उपवासकाळ लागला.”

“दर वर्षी साखरच! डॉक्टरांनी बंद केलेली साखर देवाला देताय होय? एका दगडात दोन पक्षी?” ती हसली. “काही सोडायचंच असेल ना, तर ते ‘बघू’ सोडा. चाळीस दिवस. होतंय का बघा.”

“बघ...” तो म्हणाला आणि जीभ चावली.

पहिला आठवडा जिवावर आला. कुणी काही विचारलं की हो किंवा नाही म्हणावं लागे. हो म्हटलं की करावं लागे आणि नाही म्हटलं की ऐकून घ्यावं लागे. नळ दुरुस्त झाला. एक गिऱ्हाईक रागावलं. अंगातली ताकदच नव्हे, आडोसाही गेल्यासारखा तो थकला.

शनिवारी तो पापनिवेदनाला बसला आणि त्याने फादरना मनात सलणारी एक जुनी गोष्ट सांगितली.

सहा वर्षांपूर्वी एका इमारतीचे वॉचमन त्याला जिन्यात तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भेटले होते. म्हणाले होते, “मिस्त्री, लिफ्ट चार बोटं खाली थांबतेय.” ब्रेकचं लायनिंग झिजलं असणार, हे त्याला ऐकताक्षणीच कळलं होतं. पण दिवसाचं सातवं काम उरकून तो निघाला होता. “बघू,” म्हणाला आणि उतरून गेला. तिसऱ्या दिवशी एक आजीबाई त्या चार बोटांना अडखळल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. चौकशीत सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “मला कुणी सांगितलंच नव्हतं.” वॉचमनची नोकरी गेली, मिस्त्रीची राहिली.

“हे तू गेल्या वर्षीही सांगितलंस,” फादर म्हणाले. “देवाने तेव्हाच क्षमा केली आहे.”

“केली असेल, फादर. पण ओझं उतरलेलं नाही.”

“मला दोनदा सांगितलंस. त्यांना एकदा तरी सांगितलंस का?”

“नाही,” मिस्त्री म्हणाला.

“जाशील?”

एरवी इथे एक शब्द तयार असे. आता दोनच उरले होते. दोघांमधल्या जाळीच्या भोकांकडे बघत तो म्हणाला, “जातो.”

वॉचमन आता एका गोदामाच्या गेटवर बसत होते. मिस्त्री दुपारी पोचला. म्हातारे स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. त्यांनी लगेच ओळखलं.

“काय मिस्त्री, इथे लिफ्ट नाही हं! चुकलास काय?”

“तुम्हालाच भेटायला आलो, काका.” वाटेत जुळवलेलं सगळं तो विसरला. “तुम्ही मला सांगितलं होतं. लिफ्टचं. मी खोटं बोललो.”

म्हाताऱ्यांचा हात थांबला. ते रागावतील, शिव्या देतील, अशी त्याची तयारी होती. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“नक्की सांगितलं होतं मी?”

“हो.”

“कुठे?”

“तिसऱ्याच्या वळणावर. तुमच्या हातात पाण्याची बाटली होती.”

“निळी?”

“निळी.”

म्हाताऱ्यांनी संत्रं मांडीवर ठेवलं. “सेक्रेटरी म्हणाले, मिस्त्री शपथेवर सांगतोय. मीही म्हटलं, इतका भला माणूस खोटं कशाला बोलेल? आपणच सांगायचं विसरलो असू. वय झालं. पुढे माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. हे गेट लावतो ना, तर तीन-तीनदा परत येऊन कुलूप ओढून बघतो. जेवलो का, हेसुद्धा सुनेला विचारतो. पोरं हसतात.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं.

“मी सेक्रेटरींना लिहून देतो, काका. आजच.”

“दे. एक कागद मलाही दे. सुनेला वाचायला देतो.” बाहेर ट्रकने हॉर्न दिला. ते उठले. “परत एकदा सांग. मी काय म्हणालो होतो?”

“लिफ्ट चार बोटं खाली थांबतेय.”

“हां. असंच म्हणालो होतो.” आणि ते गेट उघडायला गेले. क्षमेचं कुणी बोललं नाही.

मिस्त्रीने दोन्ही कागद लिहिले, सही केली, त्याच संध्याकाळी पोचवले. सेक्रेटरी म्हणाले, उद्या तुमच्या लिफ्ट-कंपनीला कळवावं लागेल. “कळवा,” तो म्हणाला. घरी येऊन बूट न काढताच तो खुर्चीत बसला. बायकोने काय झालं ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती शेजारी येऊन बसली.

कंपनी काय करील, याची त्याला धास्ती होतीच. पण डोळे मिटले की दिसत होतं ते गोदामाचं गेट. आज ते लावून झाल्यावर काका सरळ घरी गेले असतील, की पुन्हा मागे फिरून त्यांनी कुलूप ओढून बघितलं असेल?