गच्चीवरचं पॅशन फ्रूट आणि आम्ही चौघं

काही घरांत रिकाम्या बरण्या साठत जातात. ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाहीत. आमच्या गच्चीवरच्या किस्स्यांचं तसंच झालंय. परवा चहाला बसलो आणि पुन्हा तेच निघाले.

आम्ही म्हणजे डोंबिवलीतल्या एका चार मजली सोसायटीतले चौघं. मंगलताई कांबळे, रिटायर्ड नर्स. नेने काका, वय अठ्ठ्याहत्तर. प्राजक्ता, घोडबंदर रोडला आयटीत. आणि मी, शीळफाट्याजवळ एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो.

*

नेने काकांना पूजेसाठी कृष्णकमळ हवं होतं. मंगलताईंच्या घरी देवपूजा नाही. पण खडवलीला बहिणीकडे गेलेल्या, तर काकांसाठी नर्सरीतून वेल घेऊन आल्या. गच्चीवर निळ्या ड्रममध्ये लावली.

फुलं आली ती पांढरी, मध्ये जांभळी झालर. काका म्हणाले, "रंग किंचित चुकला आहे, परंतु पाच पांडव जागेवर आहेत. चालेल."

मग त्याच वेलीला अंड्याएवढी फळं लागली! प्राजक्ताने फोनमध्ये बघितलं. "काका, हे पॅशन फ्रूट आहे! आमच्या ऑफिसखालच्या कॅफेत याचं सरबत विकतात!"

आमचे सेक्रेटरी सुर्वे धावत वर आले. "विषारी असलं तर जबाबदार कोण?"

काकांनी शांतपणे एक फळ कापलं, आतला पिवळा गर चमच्याने खाल्ला. "जबाबदार मी. आता अर्धा तास थांबा. मला काही झालं नाही, तर दुसरं द्या!"

*

हे फळ पिकलं की स्वतःच खाली पडतं आणि चारेक दिवसांत त्याची साल सुरकुतते. तेव्हा ते खरं गोड लागतं. मंगलताई अशी फळं टोपलीत घालून लिफ्टपाशी ठेवायच्या, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून.

सुर्वे ओरडले, "सडकी फळं ठेवता? काय ह्या सुरकुत्या!"

मंगलताई म्हणाल्या, "सुर्वेसाहेब, सुरकुत्या पडल्यावर गोडी येते. सगळ्यांनाच येते असं नाही!"

*

नेने काकूंनी तर कमालच केली. एकदा घरातली आमसुलं संपलेली, त्यांनी आमटीत गर घातला. काका जेवताना म्हणाले, "आज आमटीला काहीतरी परदेशी वास येतो आहे."

काकू म्हणाल्या, "पन्नास वर्षं एकच आमटी केली. आता मी वाट्टेल ते घालणार!"

काकांनी दोनदा वाढून घेतली. आत काय घातलंय ते विचारतो कोण!

*

प्राजक्ताला बघायला कल्याणहून मंडळी आलेली. हिने पोह्यांबरोबर पॅशन फ्रूटचं सरबत ठेवलं. मुलाच्या आत्याने ग्लास उजेडात धरला. "यात बिया आहेत. मुलीला साधं गाळता येत नाही का?"

तिची आई डोळ्यांनी 'गप्प बस' म्हणत होती. पण ही कसली ऐकतेय! "आत्या, बिया खायच्याच असतात. कुरकुरीत लागतात. आणि गाळायचंच असेल, तर गाळणी तुमच्या मुलाच्या हातात देते. त्याला वापरता येते ना?"

स्थळ अर्थातच गेलं. आठ दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. प्राजक्ताची आई घाबरत घाबरत बोलली. पलीकडून विचारणा झाली, "ते लग्नाचं राहू द्या. वेलीची एक फांदी मिळेल का?"

*

सुर्व्यांनी मग नोटीसच काढली. 'गच्चीवरील वेल पंधरा दिवसांत हटवावी.' लॅमिनेट करून गच्चीच्या कठड्याला बांधली. पंधरा दिवसांनी ते विचारायला आले, तर वेलीने नोटिशीवर तीन वेढे घातलेले!

मी म्हटलं, "साहेब, नोटीस वाचता येत नाही. पानं बाजूला करू का? पण मग म्हणाल, नोटिशीला हात का लावला!"

*

आणि शेवटी तो मे महिना.

एका सकाळी वर गेलो, तर वेल बुंध्यातून कापलेली. सगळी कच्ची फळं खाली. प्राजक्ता रडायलाच लागली. नेने काका ड्रमवर हात ठेवून नुसते उभे. मला खाली जाऊन सुर्व्यांची कॉलर धरायची होती.

मंगलताईंनी मला अडवलं. "आधी पेशंट बघू. भांडण नंतर." त्यांनी पदर खोचला, हिरव्या फांद्यांचे वीतभर तुकडे केले. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून आम्ही चौघांनी ते खोचले. मंगलताईंच्या न्हाणीघरात, सावलीला महिनाभर पिशव्यांची रांग होती. बरेच तुकडे गेले. पंचवीस जगले.

जूनमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. सुर्व्यांनी ठराव मांडला, "गच्चीवर कुठलीही वेल नको."

सगळे मंगलताईंकडे बघायला लागले. त्या उठल्या. "मान्य. गच्चीवर नाही लावणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघरी पिशव्या वाटल्या. पहिली बेल सुर्व्यांची वाजवली! सुर्वे ऑफिसला गेलेले. दार मिसेस सुर्व्यांनी उघडलं. ह्या बाई इतक्या वर्षांत कुणाशी मोठ्याने बोलल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. त्यांनी पिशवी घेतली आणि दार लावलं.

पुढच्या वर्षी पहिलं फूल आलं ते सुर्व्यांच्याच ग्रिलवर. खालून सगळी बिल्डिंग बघत होती. सुर्वे कात्री घेऊन बाल्कनीत आले.

आतून आवाज आला, स्वच्छ, चारही मजल्यांवर ऐकू जाईल असा.

"हात लावून तर बघा!"